लोकलच्या दारात लटकण्याला साहस म्हणू नका : ‘एक कल्याणकर’ यांना उत्तर

नमस्कार कल्याणकर,

प्रतिक्रिया सकाळीच वाचली होती. गाडीत उभं राहून उत्तर टाइप करण्यासारखी ती नव्हती, म्हणून आत्ता घरी आल्यावर लिहायला बसले.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की साहसाला लेह-लडाख लागत नाही. एखाद्या रविवारी एसटीत बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जावं, ओळखीच्या रस्त्याला आडवी जाणारी वाट धरावी, एवढंही पुरतं. त्यावर कल्याणकरांचे तीन आक्षेप आहेत. एक, जो माणूस रोज सकाळी सहाच्या गाडीला दारात लटकतो त्याला साहस शिकवू नका. दोन, हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. आणि तीन, ‘माझी मुलगी तुमचं वाचून कुठेतरी आडरानात उतरली तर जबाबदारी तुम्ही घेणार का?’

पहिल्या आक्षेपावर मी तुमच्याशी भांडणार आहे. मीही डोंबिवलीची. चौथ्या सीटवर अर्धं टेकून प्रवास करण्यात माझीही वर्षं गेली आहेत. पण दारात लटकण्याला तुम्ही साहस म्हणता तेव्हा मला राग येतो. तुमच्यावर नाही, आपल्या सगळ्यांच्या या सवयीवर. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरत आली आहेत. रूळ ओलांडताना, गाडीतून पडून. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दोन भरलेल्या गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि त्यातली काही गेली. ती कामावर निघालेली माणसं होती. आत जागा असती तर त्यातलं कोण दारात उभं राहिलं असतं? या नाइलाजाला आपण धाडस म्हणतो, मग ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणतो, आणि डबे वाढवायची जबाबदारी ज्यांची आहे ते निवांत सुटतात.

तुमच्या सहाच्या गाडीत जीव धोक्यात असतो हे खरं. पण पुढे काय दिसणार हे सगळं पाठ असतं. ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा. मी ज्याबद्दल लिहिलं त्यात धोका जवळपास नसतो, पण पुढे काय आहे ते माहीत नसतं आणि जायचं की नाही हे आपण ठरवलेलं असतं. साहेबाने नाही, टाइमटेबलने नाही. आठवड्याचे सहा दिवस दुसऱ्यांच्या घड्याळावर घालवणाऱ्याला याची गरज जास्त असते असं माझं मत आहे, आणि ते तुमच्या प्रतिक्रियेनंतरही तसंच आहे.

चोचल्यांबद्दल. तुम्ही कल्याणला राहता म्हणून कल्याणचंच उदाहरण देते. कल्याण डेपोतून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी धरायची, टोकावडे गेलं की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरायचं. खर्च म्हणजे तिकीट आणि घरचा डबा. बायकांना तर मार्च २०२३पासून एसटीत अर्धंच तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. तेवढे पैसे आपले मॉलच्या पार्किंगमध्ये जातात.

वर चढायला दोन-तीन तास लागतात. आधी झाडीतून, मग दगडी पायऱ्यांवरून. सोपारा आणि कल्याण बंदरातला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने जुन्नरकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मीतला शिलालेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुठल्या यज्ञात किती गाई, किती हत्ती-घोडे, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले याचे त्यात चक्क आकडे आहेत. मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते. ते आता नाहीत. वर नावं आहेत, खाली नुसती पावलं शिल्लक आहेत. त्या पावलांपुढे उभं राहिल्यावर माझ्या डोक्यात ऑफिसचं काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तिथून वर खिंडीतून बाहेर पडलं की मोठा दगडी रांजण दिसतो. जकात त्यात टाकत असं सांगतात. (हल्ली त्यात वेफर्सची पाकिटंही टाकतात. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे रिळं काढणाऱ्यांची जी झुंबड उडते, त्याबद्दल तुम्ही चिडला असतात तर मी बिनशर्त तुमच्या बाजूने असते.)

कान्हेरीच्या लेण्यांतही एका कल्याणकराचा शिलालेख आहे. सोनार होता, त्याने पाण्याची पोढी, म्हणजे दगडातली टाकी, खोदवून दान दिली. तोही कामधंद्याचाच माणूस.

पैशांपेक्षा वेळेचा मुद्दा मला जास्त पटतो. रविवारी गिरणीत दळण असतं, सासूबाईंचा दवाखाना असतो, आठवड्याचे कपडे असतात, आणि सरळ सांगायचं तर झोप असते. बाईच्या रविवारात तर सुटी कमीच. लेखात मी ‘एखाद्या रविवारी’ असं सहज लिहून गेले, पण तो रविवार घरात आधी मागावा लागतो, हेही मला माहीत आहे. माझ्या घरी मी तो भांडून घेतला. प्रत्येकीला भांडता येईलच असं नाही, आणि यावर माझ्याकडे तोडगा नाही.

आता तुमची मुलगी. जबाबदारी मी घेऊ शकत नाही, कुणीच दुसऱ्याच्या मुलीची घेऊ शकत नाही. मी स्वतः काय करते ते सांगते. आडगावाला पहिल्या गाडीने जाते, दुपारच्या गाडीने नाही. उतरता उतरता कंडक्टरला परतीची शेवटची गाडी किती वाजता आणि ती इथे थांबते का, हे विचारून ठेवते. त्या शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीलाच थांब्यावर येऊन उभी राहते. कुठल्या गावात उतरले त्याचा मेसेज घरी एकाच माणसाला करते, कारण पाच जणांना सांगितलं की पाचही जण दुसऱ्यावर सोडतात. पहिल्याच खेपेला एकटी गेले नव्हते, बहिणीला घेऊन गेले होते. आणि एखाद्या ठिकाणी उतरल्यावर मनाला पटलं नाही तर चहा पिऊन त्याच गाडीने परत आले आहे. त्यात कमीपणा वाटत नाही.

मुलीला एकटीला पाठवू नये असं वाटत असेल तर पहिल्यांदा तुम्ही दोघं जा. मात्र पावसात नको, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि गर्दीही. दसऱ्यानंतर जा, पाणी घरून भरून न्या. लेण्यात माकडं आहेत, डबा हातात उघडा धरू नका.