पैसे घेतले म्हणजे संमती दिली असं होत नाही

‘धंदा करणाऱ्या बाईवर कसला बलात्कार? पैसे घेतले की संमती आलीच. वर तक्रार केली तर पोलिस तिलाच आत टाकतील.’ हा मजकूर सगळीकडे फिरतो आहे आणि तो घातक आहे.

आधी संमतीचं बघू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ प्रमाणे संमती त्या विशिष्ट कृतीपुरतीच असते. एका गिऱ्हाइकाशी ठरलं आणि खोलीत तिघे शिरले, तर बाकी दोघांना संमती कुठून आली? तिने झटापट केली नाही एवढ्यावरून संमती होती, असंही धरता येत नाही.

‘तिचं चारित्र्यच तसं’ हा बचाव साक्ष कायद्यातून २००२ सालीच काढून टाकला आहे.

आता अटक. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात कुंटणखाना चालवणं, दलाली, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. देहविक्रय हा मुळात गुन्हा नाही. तरी त्यातल्या कलम ८ चा, म्हणजे गिऱ्हाईक बोलावल्याचा, धाक दाखवला जातो, त्यामुळे बायकांची भीती खोटी नाही. म्हणूनच आधी ठाण्यात नव्हे, रुग्णालयात जावं. सरकारी असो वा खासगी, उपचार तात्काळ आणि मोफत द्यावेच लागतात (नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३९७). ‘पोलिसांची चिठ्ठी आणा’ म्हणणं बेकायदा आहे; पोलिसांना कळवण्याचं काम रुग्णालयाचं. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी ही मदत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाही मिळालीच पाहिजे, असा आदेश दिला. जवळ कंडोम सापडला म्हणून तो गुन्ह्याचा पुरावा धरू नये, हेही त्यातच आहे.

एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या अत्याचारानंतर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जमलं तर पहिल्या दोन तासांत, आणि पुढे २८ दिवस रोज. बहुतेकींचं इथेच चुकतं: मार लागलेला दिसतो म्हणून मलमपट्टी होते, गोळ्यांचं कुणी बोलत नाही. त्या मागून घ्या. तपासणीआधी शक्यतो आंघोळ नको, कपडे धुणं नको. ओले कपडे सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमटपणा धरून पुरावा कुजतो.

ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवायला सांगा, म्हणजे हद्द कुठलीही असो, नोंद तिथेच होते. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. नुसता अर्ज देऊन परत येऊ नका, एफआयआरची प्रत हातात घ्या. ती मोफत मिळते. नोंद नाकारणाऱ्या पोलिसाला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१००.