ग्लुकोजच्या डब्यावर गड चढता येतो का?

‘दोन दिवसांच्या ट्रेकला शिदोरीचं ओझं कशाला? ग्लुकोज पावडर सगळ्यात हलकी, तिच्यावरच भागतं,’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही.

साखर असो की ग्लुकोज, ग्रॅममागे साधारण 4 कॅलरी मिळतात. स्निग्ध पदार्थांत 9. म्हणून 100 ग्रॅम ग्लुकोजमध्ये 400 च्या आसपास, तर तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. म्हणजे पाठीवर हलकं काय पडतं? शेंगदाणेच. शिवाय त्यात प्रथिनं आहेत, ग्लुकोजमध्ये नाहीत.

मेसेजमधलं एक मात्र पटतं: भाकरी जड असते, कारण त्यात पाणी असतं. हरिश्चंद्रगडावर मुक्काम असेल तर मी पातळ पोहे नेतो. घरीच भाजून, त्यात मेतकूट, तिखट, मीठ, दाणे घालून एकेका जेवणाची पुडी बांधायची. वर पाण्याचा हबका मारला की पाच मिनिटांत मऊ. चूल नको, भांडं घासायला नको. (कांदा मात्र एक हवाच, वजन गेलं खड्ड्यात!) सोबत दाणे-गुळाचे चार लाडू.

ग्लुकोज टाकून द्या असं नाही. चढावर पाय गळाले तर चमचाभर कामी येतंच.