दहा हजार पावलं आणि रविवारचा सिंहगड: एवढ्यावर हिमालय होत नाही

उन्हाळी सुट्टीतल्या हिमालयन ट्रेकचं बुकिंग झालं की पुण्यातल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोज दहा हजार पावलं चाला, महिनाभर दर रविवारी रिकाम्या पोटी सिंहगड चढा, झाली तयारी. वजन घेऊन सराव नको, सॅक खेचरावर जाते. उतरताना गुडघे दुखले तर ते वयाचं दुखणं. आणि ज्याचा दम टिकतो त्याला उंचीचा त्रास होत नाही. यातली सिंहगडाची सूचना अर्धी बरोबर आहे. बाकीच्या अंगाशी येणाऱ्या आहेत आणि शेवटची जिवावर बेतू शकते.

आधी पावलं. दहा हजार हा आकडा 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राबरोबर रूढ झाला. डोंगराशी त्याचा काही संबंध नाही. सपाटीवरची दहा हजार पावलं म्हणजे साधारण सात किलोमीटर, पण चढ जवळपास शून्य. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगडाची पायवाट जेमतेम पावणेतीन किलोमीटरची, पण चढ सुमारे 600 मीटर, म्हणजे तीन मीटरचा मजला धरला तर दोनशे मजले. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने सिंहगडाला दीड तास लागतो आणि त्यातला एक तास निव्वळ चढाचा असतो.

म्हणून वहीत पावलं लिहू नका, आठवड्याचा एकूण चढ लिहा. सुरुवात 500-600 मीटरने करा आणि हळूहळू 1,500 मीटरपर्यंत न्या. शनिवार-रविवारी एक सिंहगड, आणि मधल्या दोन दिवशी दहा मजली इमारतीच्या दहा-दहा फेऱ्या (प्रत्येक वेळी 300 मीटर), एवढ्यात 1,200 मीटर होतात. उरलेला चढ पुण्यातल्याच वेताळ टेकडीवर भरून निघतो. वेग असा ठेवा की चालताना एक पूर्ण वाक्य बोलता येईल. सिंहगडावर दर खेपेला घड्याळ लावून धापा टाकत चढणाऱ्यांचा दम काही आठवड्यांनी वाढायचा थांबतो, कारण पाया घालणारा संथ व्यायामच त्यांच्याकडून होत नाही. जोराचा चढ आठवड्यातून एकदा पुरे: तीन-चार मिनिटं जोरात, तेवढीच विश्रांती, असं चार वेळा.

आता गुडघे. ‘वयाचं दुखणं’ हे निदान पंचविशीतल्या मुलांनाही चिकटवलं जातं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत लांबत शरीराला ब्रेक लावतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाची सवय नसेल तर स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि पुढचे एक ते तीन दिवस मांड्या भरून येतात. थकलेला स्नायू ब्रेक लावू शकत नाही, मग प्रत्येक पावलाचा हिसका गुडघ्याला बसतो. आणि नेमका हाच सराव पुण्यात बुडतो, कारण अनेक जण गड पायी चढतात, वर पिठलं-भाकरी खातात आणि शेअर जीपने खाली येतात. जिन्याच्या फेऱ्या मारतानाही खाली लिफ्टने येतात. उतरणं चुकवलं तर निम्मी तयारी चुकली.

यासाठी सोसायटीचा जिना पुरतो. पायरी साधारण 15 ते 18 सेंटिमीटरची असते. एका पायावर उभं राहा, दुसरा पाय पुढे अधांतरी धरा. तीन आकडे मोजत उभा गुडघा वाकवा, अधांतरी पायाची टाच खालच्या पायरीला नुसती टेकवा, तिच्यावर भार न टाकता परत वर या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत झुकला किंवा कंबर एका बाजूला पडली तर पायरी मोठी आहे, लहान पाट घ्या. टाच धप्पकन आदळत असेल तर ब्रेक लागलेलाच नाही, ती फेरी धरू नका. प्रत्येक पायावर आठ-आठचे दोन सेट, मग बारा-बाराचे तीन, आठवड्यातून दोनदा, मध्ये एक दिवस सोडून. जोडीला पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं, एकदा गुडघा सरळ आणि एकदा किंचित वाकवून. गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर मात्र व्यायामाआधी डॉक्टर.

बुटांचंही इथेच सांगायला हवं. उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नखं दोन दिवस आधी कापलेली हवीत आणि उतरण्याआधी घोट्याजवळची लेस पुन्हा घट्ट बांधायला हवी.

‘सॅक खेचरावर जाते.’ मोठी जाते. पाणी, जॅकेट, पावसाचा कोट, खाऊ आणि औषधं पाठीवरच असतात, म्हणजे पाच-सात किलो. मोठी सॅक स्वतः वाहायची असेल तर दहा-बारा. तीन किलोपासून सुरू करा आणि आठवड्याला एखादा किलो वाढवा. वजनासाठी पाण्याच्या बाटल्या घ्या: एक लिटर म्हणजे एक किलो. पहिले काही आठवडे वर पोचल्यावर निम्मं पाणी झाडांना घाला, उतरताना गुडघ्यांवर भार कमी येतो. कमरेचा पट्टा पोटावर आवळू नका. तो कमरेच्या हाडावर बसला तरच खांद्यांवरचं ओझं उतरतं.

महिन्यात दम थोडा सुधारतो, पण स्नायूबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात. बारा आठवडे हाताशी ठेवा, दर चौथा आठवडा हलका. शेवटच्या महिन्यात सलग दोन दिवस चाला: शनिवारी राजगड, रविवारी त्याच सॅकसकट वेताळ टेकडीवर दोन-तीन तास. ट्रेकवर दुसऱ्या सकाळी दुखऱ्या पायांनी निघावं लागतं आणि रविवारच्या एकट्या सिंहगडाने ती सवय होत नाही. शेवटचा मोठा चढ निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी.

रिकाम्या पोटी चढून चरबी झडेल ही आशा सोडा. लांबच्या चालीत दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं लागतात: एक केळं आणि एक राजगिऱ्याचा लाडू एवढ्यात चाळीसच्या आसपास होतात. खाण्याची ही सवयही सरावातच लावायची. एक लिटरचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या लिटरच्या बाटलीत नाही.

आणि उंची. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे 1,300 मीटरवर. हिमालयातल्या नेहमीच्या ट्रेकपैकी केदारकंठा 3,800 च्या, हंपता पास 4,270 च्या आसपास. विरळ हवेमुळे होणारा हा उंचीचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होतो आणि तो दम बघून येत नाही. उलट फिट माणूस भराभर वर जातो आणि त्यामुळेच त्रासात सापडतो. 3,000 मीटरच्या वर रोज झोपण्याची उंची 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक मुक्काम वाढवावा, हे कार्यक्रमपत्रिकेत आहे का ते पैसे भरण्याआधी बघा. उंचीचा त्रास टाळण्यासाठीचं ॲसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा गळाठा असेल तर वर जायचं नाही. सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट न बघता सोबतीने खाली न्यायचं, किमान 300 मीटर, आणि त्रास थांबेपर्यंत आणखी खाली.