‘केम्पा’ ही आधी व्यक्ती, मग कंपनी

हँडबॉल खेळणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर दोन गोष्टी फिरताहेत: ‘केम्पा ट्रिक’ (हवेतच चेंडू पकडून गोलवर मारायची चाल) हे नाव बूट बनवणाऱ्या केम्पा कंपनीवरून पडलं, आणि ती ट्रिक फाउल आहे. दोन्ही चूक.

बर्नहार्ड केम्पा (१९२०–२०१७) हे जर्मन खेळाडू. फ्रिश आउफ गोपिंगन हा त्यांचा क्लब. मैदानी, म्हणजे अकरा जणांच्या हँडबॉलमध्ये ते १९५२ आणि १९५५ साली विश्वविजेत्या जर्मन संघात होते. पुढे गोपिंगनचेच प्रशिक्षक झाले, शिक्षकीही केली, आणि उतारवयात टेनिसमध्येही नाव काढलं! ट्रिकचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. कंपनीनेच त्यांचं नाव घेतलं आहे, त्यांनी कंपनीचं नाही.

आता फाउलचं. गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेबाहेरून उडी मारायची, साथीदाराने गोलक्षेत्रावर, म्हणजे त्या रेषेच्या आतल्या भागावर, उंच टाकलेला चेंडू हवेतच पकडायचा आणि पाय जमिनीला लागण्याआधी गोलवर मारायचा. हे पूर्णपणे नियमात बसतं. उडी घेताना रेषेवर पाय पडला किंवा चेंडू हातात असतानाच आत उतरलात, तर मात्र चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे. बहुतेक मुलं चुकतात ती इथेच, आणि खापर फुटतं रेफरीवर.