मुलांना भयाण भविष्यापासून वाचवण्याचे घरगुती उपाय

भाचीच्या दप्तरात परवा लोइस लोरी यांचं ‘द गिव्हर’ सापडलं. उद्या तुमच्याही घरी सापडेल, म्हणून आधीच सावध करतेय. कादंबरी १९९३ची. १९९४ मध्ये तिला न्यूबेरी पदक, म्हणजे अमेरिकेतला बालसाहित्याचा मानाचा पुरस्कार, मिळालं आणि त्याच दशकात, अमेरिकेत सर्वाधिक हरकती घेतल्या गेलेल्या पुस्तकांत ती वरच्या रांगेत जाऊन बसली. पालकांचं नाक तिखट असतं.

गोष्टीतलं गाव तसं आदर्श. भूक नाही, भांडण नाही, बर्फ नाही. टेकडीसुद्धा नाही, कारण चढावर मालाच्या गाड्या रेंगाळतात. प्रत्येक घरात अर्ज करून मिळालेला एक मुलगा, एक मुलगी. इथवर आपली तक्रार असायचं कारण नाही. धोका पुढे आहे. मूल वाचता वाचता मान वर करतं आणि आपल्याच घराकडे बघायला लागतं.

तेव्हा आधी पुस्तकं आवरा. त्या गावात साध्या घरात तीनच असतात: शब्दकोश, गावातल्या कचेऱ्या-कारखान्यांची माहिती आणि नियमांचं पुस्तक. आपण उदार आहोत, चौथं गाईड ठेवू.

नियम सगळ्यांदेखत सांगा, पण नाव घेऊ नका. गोष्टीचा नायक, अकरा वर्षांचा जोनास, मैदानावरून एक सफरचंद घरी नेतो, तर भोंग्यावरून अख्ख्या गावाला सूचना जाते की खाऊ खायचा असतो, साठवायचा नसतो. सोसायटीच्या ग्रुपवर ‘काही मुले लिफ्टमध्ये…’ असं लिहिणाऱ्या सेक्रेटरींना ही कला उपजतच असते. लहान मुलींना रिबिनी नीट बांधण्याची आठवणही त्याच भोंग्यावरून होते. (आमच्या शाळेत भोंगा नव्हता, दारात पट्टी घेतलेल्या बाई होत्या.)

बारावं वर्ष मात्र चुकवू नका. तिथे त्या वर्षी ज्येष्ठ मंडळी प्रत्येकाला जन्मभराचं काम नेमून देतात आणि मुलाच्या बालपणाबद्दल त्याचे जाहीर आभार मानतात. आपण आठवीत ‘फाउंडेशन’ला घालतो, आभार तेवढे राहून जातात. निदान फीच्या पावतीवर छापून घ्या.

एक प्रसंग कात्रीने कापूनच टाका. जोनास आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? वडील हसतात. शब्द नेमके वापर म्हणतात. प्रेम हा आता निरर्थक झालेला शब्द, त्यापेक्षा माझ्या यशाचा अभिमान वाटतो का, असं विचार! आपल्याकडे मुलांना विचारावंही लागत नाही. निकालाच्या दिवशी अभिमान स्टेटसला लागतो, तोही दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत नेमका.

शेवटाकडे जोनासचे वडील, तान्ह्या बाळांची मायेने काळजी घेणारा माणूस, जुळ्यांचं वजन करतात आणि हलकं भरलेल्याला लाडे लाडे बोलत जीवघेणी सुई टोचतात. तिथे याला ‘सुटका’ म्हणतात. मुलाने हे वाचलंच, तर सगळं काल्पनिक असतं म्हणून समजूत घाला. फक्त त्याच दिवशी मार्कांनुसार पाडलेल्या तुकड्यांचा विषय काढू नका.

सुझॅन कॉलिन्स यांचं २००८चं ‘द हंगर गेम्स’ घरात आलं तर फारसं घाबरू नका. चोवीस मुलं टीव्हीवर एकमेकांना ठार मारतात, आणि त्यांना निवडणाऱ्या सोडतीत गरिबाघरच्या पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या धान्याच्या बदल्यात वाढत जातात. ‘रिॲलिटी शो आहे,’ म्हणा आणि बालगायकांच्या स्पर्धेतलं एलिमिनेशन लावून द्या.

भाचीने पुस्तक दोन दिवसांत संपवलं. भीती वाटली का, म्हणून विचारलं.

“शेवटी वाटली. पण मावशी, यात गाव वाईट व्हायला कुठून सुरुवात होते गं? मला तर बराच वेळ नॉर्मलच वाटत होतं.”

पान दाखवते म्हणून मी पुस्तक घेतलं आणि शेवटापासून मागे मागे चाळत गेले. रिबिनी आल्या, सफरचंद आलं, मग पहिलं पान आलं. तोवर तिची क्लासची रिक्षा खाली येऊन उभी राहिली होती.