तुरिनचं वस्त्र: तुमच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार.

इटलीतल्या तुरिनमध्ये माणसाची आकृती उमटलेलं एक लिननचं कापड आहे, ते येशूचं प्रेतवस्त्र मानलं जातं. ते मध्ययुगातलं आहे, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. कापडाचं वय ठरवणारी १९८८ ची कार्बन-१४ चाचणी ज्या कोपऱ्यावर झाली, तो कोपरा मुळात रफू केलेला होता. तिन्ही प्रयोगशाळांचे आकडे जुळत नव्हते आणि ते लपवले गेले. २०२२ च्या क्ष-किरण अभ्यासाने हे कापड दोन हजार वर्षांचं असल्याचं दाखवलं. आणि शेवटचा मुद्दा म्हणजे, येशूच्या प्रेतवस्त्रावरच्या श्रद्धेला प्रयोगशाळेत ओढून मी तिचा अपमान केला.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘तिन्ही प्रयोगशाळांचं तंतोतंत एकमत झालं’ असं मी लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं, लेखात दुरुस्ती केली आहे. १९५० पासून मागे मोजलेल्या कार्बन-वर्षांत (कार्बन-१४ वरून काढलेल्या वयात) अ‍ॅरिझोनाची सरासरी ६४६ (अधिक-उणे ३१), झुरिकची ६७६ (अधिक-उणे २४) आणि ऑक्सफर्डची ७५० (अधिक-उणे ३०) आली. ही तफावत निव्वळ मोजणीतल्या चुकीने पडावी त्यापेक्षा जास्त आहे. मात्र या सरासऱ्या कोणी लपवल्या नाहीत. फेब्रुवारी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये निकाल छापून आला तेव्हा त्याच तक्त्यात त्या होत्या. बाहेर आली नव्हती ती एकेका मोजणीची कच्ची नोंद. ती २०१७ मध्ये माहितीच्या कायद्याखाली ब्रिटिश म्युझियमकडून मिळवावी लागली आणि २०१९ मध्ये तिचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. इतकी वर्षं ती दाबून ठेवणं चूकच होतं. ‘कापड इ.स. १२६० ते १३९० मधलं, ९५ टक्के खात्री’ हा मूळ निकालातला दावाही त्या विश्लेषणानंतर जसाच्या तसा टिकत नाही, हे मला मान्य आहे.

पण तफावत किती, हेही बघा. सर्वांत लांबच्या दोन सरासऱ्यांत १०४ वर्षांचं अंतर आहे. वस्त्र पहिल्या शतकातलं ठरायला साडेबाराशे वर्षांचं अंतर भरून काढावं लागेल. काठावरचे आकडे पन्नास-शंभर वर्षांनी इकडेतिकडे झाले, तरी कापड मध्ययुगातच राहतं.

आता रफूचा मुद्दा. हा सर्वांत गंभीर आहे. २१ एप्रिल १९८८ रोजी एका कोपऱ्यातून साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर लांब पट्टी कापली गेली आणि तिचे सुमारे ५० मिलिग्रॅमचे तुकडे तिन्ही प्रयोगशाळांना दिले. आधीच्या योजनेत सात प्रयोगशाळा आणि मोजणीच्या दोन पद्धती होत्या, नंतर तीन प्रयोगशाळा आणि एकच पद्धत उरली. सगळे नमुने एकाच जागेचे, ही या चाचणीतली खरी उणीव. शिवाय माशाच्या काट्यासारखी तिरपी वीण बघताक्षणी ओळखू येत असल्याने ‘कोणता नमुना कशाचा ते न सांगता तपासणी’ हेही नावापुरतंच राहिलं.

तरी रफूचा दावा मान्य करायचा तर त्याचा हिशोब द्यावा लागतो. कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन काळानुसार घटत जातो. १९५० चं त्याचं प्रमाण १०० धरू. पहिल्या शतकातल्या धाग्यात ते साधारण ७८.५ उरायला हवं. मोजणीत सुमारे ९२ मिळालं. रफू सोळाव्या शतकातलं धरलं, तर त्या धाग्यात ते ९६ च्या आसपास असतं. आता ७८.५ आणि ९६ यांच्या मिश्रणातून ९२ यायला ९६ वाला भाग किती लागेल? सुमारे तीन चतुर्थांश. म्हणजे तपासलेल्या तुकड्यात चारातले तीन धागे रफूचे हवेत. हे रफू नव्हे, जवळजवळ नवं कापड झालं. मेणबत्तीची काजळी, हाताचं तेल, बुरशी यांना जबाबदार धरलं आणि त्यांचं प्रमाण पूर्ण १०० मानलं, तरी तुकड्यातला ६० टक्क्यांहून जास्त कार्बन मळाचाच असावा लागतो. तोही आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल, मग सोडियम हायड्रॉक्साइड, पुन्हा आम्ल अशा धुण्यातून टिकलेला. काही भाग मुद्दाम वेगवेगळ्या पद्धतींनी धुतले होते, त्यांच्या वयात लक्षणीय फरक पडला नाही. सोबत वय माहीत असलेली तीन जुनी कापडंही तपासली गेली, त्यांत एक इजिप्तच्या ममीवरचं होतं. त्यांचे निकाल बरोबर आले.

रसायनशास्त्रज्ञ रेमंड रॉजर्स यांच्या २००५ च्या लेखाचा आधार तुम्ही दिला आहे. जवसाच्या धाग्यातल्या लिग्निन या लाकडी घटकामधून व्हॅनिलिन हे रसायन काळानुसार कमी होतं. कोपऱ्यातल्या धाग्यांत ते सापडलं आणि बाकी वस्त्रात नाही, म्हणून कोपरा नवा, असा त्यांचा तर्क. (मराठी बायबलात ‘तागाचं वस्त्र’ म्हटलं असलं तरी हे कापड जवसाच्या खोडातल्या तंतूंचं, म्हणजे लिननचं आहे.) अडचण अशी की व्हॅनिलिन किती वेगाने कमी होईल ते उष्णतेवर ठरतं, आणि १५३२ मध्ये शांबेरी (आजच्या फ्रान्समधलं शहर) इथल्या आगीत हे वस्त्र चांदीच्या पेटीत घडी घालून ठेवलेलं असताना वितळलेल्या चांदीने जळालं. घडीच्या प्रत्येक भागाला सारखी धग लागलेली नाही. अ‍ॅरिझोनाकडे उरलेला तुकडा २०१० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा तुरळक कापसाचे तंतू दिसले, रंगवलेला धागा नाही. २००२ मध्ये आगीनंतर ख्रिस्ती नन्सनी लावलेली ठिगळं आणि मागचं अस्तर काढलं, तेव्हा मेक्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग या वस्त्रतज्ज्ञ बाईंनी कापड उलट्या बाजूनेही पाहिलं. त्यांना तिथे न दिसणारं रफू आढळलं नाही. कसबी रफूगार सुलट बाजू फसवी करू शकतो, उलट बाजूला धाग्यांची टोकं लपवणं फार कठीण असतं.

२०२२ च्या अभ्यासाबद्दल थोडक्यात. तिथे एका बारीकशा धाग्यातल्या सेल्युलोजची (वनस्पतीच्या तंतूंच्या मुख्य घटकाची) झीज क्ष-किरणांनी मोजली आणि इस्रायलमधल्या मसाडा इथल्या पहिल्या शतकातल्या लिननशी ती जुळते असं म्हटलं. पण त्याच लेखातली अट तुमच्या प्रतिक्रियेतून गळली आहे. चौदाव्या शतकापूर्वीची तेरा शतकं हे कापड २० ते २२.५ अंश तापमानात आणि ५५ ते ७५ टक्के आर्द्रतेत राहिलेलं असेल, तरच तो निष्कर्ष निघतो. जे सिद्ध करायचं, ती तेरा शतकंच इथे गृहीत धरली आहेत. आणि त्यानंतर लागलेली आग आहेच.

पुनरुत्थानाच्या क्षणी शरीरातून न्यूट्रॉन बाहेर पडले आणि त्यांनी कापडात नवा कार्बन-१४ तयार केला, असंही तुम्ही लिहिलंत. हा तर्क १९८९ मध्येच ‘नेचर’मध्ये पत्ररूपाने आला होता. भौतिकदृष्ट्या न्यूट्रॉनच्या माऱ्याने कार्बन-१४ होतो, हे खरं. पण मग क्लोरिन आणि कॅल्शियमचीही किरणोत्सारी रूपं कापडात सापडायला हवीत, आणि वय शरीराच्या मधल्या भागापासून कडेकडे बदलत जायला हवं. शिवाय न्यूट्रॉनची मात्रा नेमकी इतकीच कशी पडली, की वस्त्राची पहिली ठोस नोंद जिथे मिळते, त्या चौदाव्या शतकातल्या फ्रान्समधल्या लिरे गावाच्या काळाशीच वय जुळावं? चमत्कार मानणाऱ्याला याचं उत्तर द्यायची गरज नाही. पण मग त्या दाव्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे असंही म्हणू नये.

अपमानाचा आरोप मला लागला, म्हणून यावर नीट लिहितो. या वस्त्राबद्दल पहिली शंका नास्तिकांनी घेतलेली नाही. १३८९ मध्ये फ्रान्समधल्या त्रुआचे बिशप पिएर दार्सी यांनी आव्हिन्यों इथले पोपपदाचे दावेदार क्लेमेंट सातवे यांच्यासाठी लिहिलेल्या निवेदनात, हे चित्र एका कलाकाराने बनवल्याचं आपल्या आधीच्या बिशपांना आढळलं होतं, असं म्हटलं आहे. क्लेमेंट यांनी १३९० मध्ये दर्शनाला परवानगी दिली ती ही प्रतिकृती आहे असं जाहीर करण्याच्या अटीवर. १३ ऑक्टोबर १९८८ रोजी तुरिनमध्ये कार्बन चाचणीचा निकाल जाहीर केला तो तिथले आर्चबिशप कार्डिनल बाल्लेस्त्रेरो यांनी. १९९८ मध्ये तिथेच पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की या प्रश्नांवर निवाडा देणं हा चर्चचा अधिकार नाही, ते काम शास्त्रज्ञांचं. चर्चने वस्त्राला पूज्य मानणं आणि त्याचं वय या गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. मी त्याहून जास्त काही केलेलं नाही.

अवशेष तपासले की विज्ञान नेहमी नाहीच म्हणतं, असंही नाही. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला हाताचं एक हाड मिळालं. १६२४ मध्ये शिराझमध्ये मारल्या गेलेल्या जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे अवशेष ऑगस्टिनी साधूंनी या मठात आणल्याची पोर्तुगीज नोंद होती. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्यातून मिळालेला मातृवंशाचा डीएनए भारतात न आढळणाऱ्या, पण जॉर्जियात सापडणाऱ्या गटाचा निघाला. तरी शास्त्रज्ञांनी निष्कर्षात ‘बहुधा’ हाच शब्द वापरला. २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला सोपवला.

तुरिनच्या वस्त्रावरचं चित्र कसं उमटलं, हे मात्र अजून उलगडलेलं नाही. पिवळसर छटा धाग्याच्या अगदी वरच्या एक-दोन तंतूंपुरती आहे. १९७८ मध्ये पाच दिवस अहोरात्र तपासणाऱ्या अमेरिकी गटाला ते रंगाने काढल्याची खूण मिळाली नाही, तर सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांना त्याच कापडाच्या नमुन्यांत गेरूचे कण दिसले. इथे तुम्ही माझ्यावर कितीही प्रश्न टाकले, तरी ते रास्त आहेत.

वयाचा वाद मिटवायला नव्याने कात्री लावावी लागणार नाही. २००२ च्या कामात जळक्या कडांवरून निघालेले तुकडे तुरिनमध्ये जपून ठेवले आहेत. ते वस्त्राच्या निरनिराळ्या जागांचे आहेत, कोपऱ्यातले नव्हेत, आणि जळून कोळसा झालेला धागा कडक आम्लानेही धुता येतो. आजच्या यंत्रांना मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. १९८३ पासून वस्त्राची मालकी पोपकडे असल्याने परवानगी तिथूनच यायला हवी. ती मिळून चार-पाच जागांचे निकाल पहिल्या शतकातले आले, तर मी हा लेख मागे घेईन. ते चौदाव्या शतकातले आले, तर तुम्ही काय कराल, ते जरूर कळवा.