ज्वारी उकळून बिअर होत नाही

‘ज्वारी उकळा, यीस्ट टाका, बिअर तयार, घरापुरती केली तर परवाना लागत नाही,’ हा मेसेज लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक आहेत. वाळूजच्या एका बिअर कारखान्यात मी मॅशिंगचंच, म्हणजे धान्यातून गोड रस काढायचं काम करतो. धान्याला मोड आणून, वाळवून, भरडून ते ६५ ते ६८ अंश पाण्यात तासभर ठेवावं लागतं, तेव्हा स्टार्चची साखर होते आणि त्या साखरेचीच यीस्ट दारू करतं. थेट उकळलं की ही साखर करणारे मोडातले एन्झाइमच मरतात. पांढऱ्या बशीत रसाचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाका; निळा-काळा झाला, तर स्टार्च तसाच आहे. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवान्याशिवाय घरी दारू बनवणंही गुन्हाच. आपल्या पोरांवर केस होईल, याचीच मला काळजी वाटते. मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.